मुलाला कोणत्या तालमीत घालावे?

तालीम हा शब्द मोठा मौजेचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे जेथे दंडबैठका काढावयाच्या, घाम गाळावयाचा ती जागा. उस्तादाचा वस्ताद झाला तोही याच वाटेने. आमच्या मुधोळात बाजारात तेलुगू, घरी मराठी आणि शेजारी दखनी असा तिहेरी व्यवहार चालत असल्यामुळे या शब्दाचे दोन्ही अर्थ आम्हांला रोजच्या परिचयाचे आहेत. पालक मंडळी आम्हां शिक्षकांकडे पूर्वी एकाच तालमीविषयी विचारावयास येत; अलीकडे दुसरीविषयीही येऊ लागली आहेत. मोबाइलवर कसरती पाहून सात वर्षांची मुलगी अंगणात कोलांट्या मारू लागते, शाळेच्या मैदानावर कोणीतरी "हिच्यात गुण आहे" असे म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी वडील दारात उभे असतात. "सर, पोरीला जिम्नॅस्टिक्सला घालू का? निजामाबादला बघू की नांदेडला? का होस्टेलातच ठेवू?" आपल्या न्यासाकडेही शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या जोडीला खेळाच्या खर्चाचे अर्ज येऊ लागले आहेत. तेव्हा या स्मरणिकेत त्याचा जरा विस्ताराने विचार व्हावा असे आम्हांस वाटले.

"घालू का?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही लगेच देत नाही, कारण तो प्रश्न अर्धाच असतो. वर्ग चांगला आहे काय, हे एक. आपल्या मुलाला तो मानवेल काय, हे दुसरे. वस्तादांच्या कपाटातील पदके पहिल्याचे थोडेबहुत उत्तर देतात. दुसऱ्याचे मुळीच देत नाहीत. आणि फसगत होते ती बहुधा दुसऱ्यात.

प्रथम या विद्येच्या घराण्याविषयी दोन शब्द, कारण काही घरांतून "हे आपल्यातले नव्हे" असा सूर ऐकू येतो. दांड्यावरच्या व गादीवरच्या ज्या कसरतींना आज जिम्नॅस्टिक्स म्हणतात त्यांचे नियम युरोपात घडले हे खरे. परंतु आपल्याकडे त्याच जातीची विद्या मल्लखांबाच्या रूपाने जुनीच आहे. कल्याणीच्या सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो, आणि ते कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, १९४८ पर्यंत आमच्यासारखेच निजामाच्या मुलखात होते. पुढे ही विद्या मागे पडली व दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी तिला पुन्हा उभे केले. त्याची कथा अशी सांगतात, की अली व गुलाब नावाचे दोन नामांकित पहिलवान निजामाच्या राज्यातून पुण्यास गेले व त्यांनी पेशव्यांच्या दरबारी कुस्तीचे आव्हान दिले. कोणी पुढे येईना. तेव्हा तरुण बाळंभटाने मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरात लाकडी खांबावर मेहनत केली, आणि परत येऊन कुस्ती मारली. हरलेले दोघे आमच्या बाजूचे, हे कबूल केलेच पाहिजे! पण त्यांनी शड्डू ठोकला नसता तर मल्लखांब पुन्हा उभा राहता की नाही कोण जाणे. बडोद्यास याच्या नेमके उलट चित्र दिसते. तेथे जुम्मादादा या मुसलमान वस्तादांची गादी त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी चालविली आणि व्यायाममंदिरास आपले नाव न देता गुरूचे नाव दिले. ते आजही त्याच नावाने ओळखले जाते. तेव्हा ही तालीम कोणा एका जातीची किंवा जमातीची आहे, हे मनातून काढून टाकावे.

मल्लखांब मुळात कुस्तीची तयारी म्हणून होता. अढी, तिढी, दसरंग, बगली, सुईदोरा या पकडी व फिरकी शिकल्या म्हणजे अंग लवचीक होई आणि कुस्तीत उपयोगी पडे. शिकण्यास मुदत नव्हती. ज्याला सहा महिने लागतील त्याला सहा, ज्याला दोन वर्षे त्याला दोन. आज मल्लखांबाच्याही स्पर्धा होतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईस शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि २०२२ साली हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतही त्याचा समावेश झाला. जिम्नॅस्टिक्स तर मुळातच गुणांचा खेळ. मुलांना सहा साधने, मुलींना चार. त्यांतील बीम नावाची तुळई जमिनीपासून सव्वा मीटर उंच, पाच मीटर लांब आणि रुंदीला अवघी दहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहाताएवढी. तिच्यावर मुलीने उलटी उडी घ्यावयाची आणि परीक्षकांनी दशांश-शतांशात गुण मोजावयाचे. हे सर्व पाहण्यास अप्रतिम असते. परंतु स्पर्धेला तारीख असते, मुलाच्या अंगाला तारीख नसते. हाड आपल्या वेळेने वाढते, भीती आपल्या वेळेने जाते. नुसत्या व्यायामाचा वर्ग मुलाला काही देत असतो. स्पर्धेचा वर्ग देतो तसे मागतही असतो. हा फरक पालकांनी प्रथम समजून घ्यावा, आणि वस्तादांना स्पष्ट विचारावे की माझे मूल आपण कोणत्या वर्गात घेत आहात. पुष्कळ ठिकाणी सुरुवात पहिल्यात होते आणि केव्हा दुसऱ्यात ढकलले गेले हे घरी कळतही नाही.

आता खुद्द वर्ग पाहण्याविषयी. आमचा आग्रह असा, की पैसे भरण्यापूर्वी दोन वेळा, न सांगता, पूर्ण तास बसून वर्ग पाहावा. पालकांना आत बसू देत नाहीत असे कळले तर पुढे काही पाहण्याची आवश्यकता नाही. उठून घरी यावे. कोणी म्हणेल, आईबाप समोर असले की मुले लाडात येतात. येतात खरी. त्यासाठी काच किंवा जाळी लावता येते, गच्चीवर बाक टाकता येतो. दार बंद करण्यास ते कारण पुरेसे नाही.

बसल्यावर नजर सर्वांत चांगल्या मुलाकडे जाते. ती तेथून मुद्दाम काढावी आणि रांगेतल्या शेवटच्या मुलाकडे लावावी. जो थोडा जाड आहे, जो घाबरतो, ज्याला आठवड्यामागून आठवडे तीच कोलांटी जमत नाही, त्याच्याशी वस्ताद कसे बोलतात? त्याची पाळी येते की गाळली जाते? तो पडला तर प्रथम कोण धावते, आणि धावणारा आधी "लागले का?" म्हणतो की "पुन्हा कर" म्हणतो? आपले मूल आज पहिल्या रांगेत असेल. पण वाढीच्या वयात एका वर्षात उंची चार बोटे वाढते, तोल बदलतो आणि काल जमणारी उडी आज जमेनाशी होते. त्या वर्षी आपले मूलही शेवटच्या रांगेत असणार आहे. वर्गाची खरी रीत तेथेच दिसते.

गाद्या पाहाव्यात. जाड आहेत काय, फाटून दोन गाद्यांमध्ये फट पडली आहे काय. त्या फटीत पाय मुरगळतो. मल्लखांबाखाली मऊ जागा आहे की नुसती फरशी? खांब पक्का रोवलेला आहे काय? त्याला एरंडेल लावतात ते घर्षण सोसावे व पकड बसावी म्हणून. ज्याला ते लावण्याचाही कंटाळा त्याच्या बाकीच्या निगेविषयी शंका घ्यावी. नवी उडी शिकविताना वस्तादाचा हात मुलाच्या कमरेजवळ किंवा खांद्याजवळ असतो की ते दूर उभे राहून हुकूम सोडतात, हेही पाहावे. एका शिक्षकामागे इतकी मुले, की अर्धी नुसती भिंतीला टेकून उभी आहेत, असा वर्ग स्वस्त असला तरी महाग पडतो.

अंग ताणण्याचा भाग विशेष लक्षपूर्वक पाहावा. पाय फाकवून बसलेल्या लहान मुलाच्या खांद्यावर किंवा मांडीवर मोठ्या माणसाने भार देऊन, मूल रडत असताना त्याला खाली दाबावयाचे, ही रीत काही ठिकाणी अजूनही चालते आणि "असेच करावे लागते" असे तिचे समर्थनही होते. तसे करावे लागत नाही. लवचीकपणा हळूहळू येतो, मुलाने स्वतः ताण देऊन येतो. ओढून आलेला लवचीकपणा सांध्याला महाग पडतो. घाम, दम, थोडा ठणका हे मेहनतीचे. पण मनगटात रोज दुखणे, टाच टेकवता न येणे, कमरेत मागे वाकताना कळ येणे ही वेगळी गोष्ट आहे. मुलांची हाडे टोकाजवळच्या एका कोवळ्या पट्टीतून वाढतात. हातांवर भार घेणाऱ्या या खेळात मनगटाजवळची ती पट्टी दुखावते, आणि वारंवार मागे वाकल्याने कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडू शकते. चोळून, मलम लावून ती बरी होत नाही, विश्रांतीने होते. म्हणून वस्तादांना विचारावे: "मूल दुखते म्हणाले तर आपण काय करता?" "डॉक्टरांना दाखवावयास सांगतो आणि तोवर हलके काम देतो" हे उत्तर ज्याच्याकडे तयार आहे तो जाणता. "आमच्याकडे कोणी दुखते म्हणत नाही" हे उत्तर मिळाले तर समजावे की तेथे मुले बोलावयास भितात.

मुलाने "आज नको" म्हटलेले ऐकले जाते की नाही, यावर आमच्या मते सगळे येऊन थांबते. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, सिमोन बाइल्स या अमेरिकन खेळाडूला हवेत असताना आपले अंग कोठे आहे याचे भान राहीना. जगातील सर्वश्रेष्ठ म्हणून जिची गणना, तिने संघाच्या अंतिम फेरीतून मधूनच माघार घेतली. पुष्कळ लोक तिला नावे ठेवीत होते. तीन वर्षांनी पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके घेतली. जिने इतके मिळविले आहे तिला नको म्हणता येते. आमच्या दहा वर्षांच्या पोरीला म्हणता येईल काय? ते तिच्या धैर्यावर सोडून चालत नाही. वर्गाची आणि घराची तशी रीत हवी. घरी वडीलच "फी भरली आहे, जायचेच" म्हणत असतील तर वस्तादाला दोष देण्यात काय अर्थ?

आपल्या देशातील उदाहरण घ्यावयाचे तर दीपा कर्माकरचे. आगरतळ्यासारख्या दूरच्या गावची ही मुलगी. तिचे तळपाय सपाट, या खेळाला मुळीच अनुकूल नव्हेत. बिश्वेश्वर नंदी या गुरूंनी वर्षानुवर्षे मेहनत घेऊन तिला तयार केले, आणि २०१६ साली रिओ येथे वॉल्टमध्ये ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणाने हुकले. ही कथा पालक आम्हांला वारंवार ऐकवितात. ऐकविताना दोन गोष्टी मात्र राहून जातात. एक, तिचे वडील स्वतः भारोत्तोलनाचे प्रशिक्षक. बरे काय, वाईट काय हे पाहणारा जाणता डोळा घरातच होता. आपल्याकडे तो नाही, म्हणून आपल्याला विचारून, बसून, पाहून तो मिळवावा लागतो. दुसरी, पुढे तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि निषिद्ध द्रव्य सापडल्याने २१ महिने बंदीही सोसावी लागली. ते द्रव्य आपल्या शरीरात कसे गेले हे कळलेच नाही असे तिने म्हटले. इतक्या अनुभवी खेळाडूची ही गोष्ट, तर वर्गात डब्यातून मिळणारी ताकदीची पूड मुलाला देण्यापूर्वी आपण डॉक्टरांना विचारावे हे सांगावयास नको. बंदी संपल्यावर २०२४ मध्ये आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळविले व त्याच वर्षी निवृत्ती घेतली.

मुलींच्या बाबतीत आमच्या घरांतून पहिली अडचण निघते ती कपड्यांची. त्यावर हसू नये आणि त्यासाठी मुलीचा खेळही मोडू नये. मलेशियाची फराह ॲन अब्दुल हादी हिने २०१५ साली आग्नेय आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले तेव्हा तिच्या पोशाखावरून तेथे वाद माजला होता. उलट २०२१ साली जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घालून आधी युरोपीय स्पर्धेत व मग टोकियोत उतरल्या. त्यांचे कारण धर्माचे नव्हते. मुलीला ज्यात मोकळे वाटेल ते तिने घालावे एवढेच त्यांचे म्हणणे होते. नियमांत असा पोशाख बसतो. तेव्हा वर्गाच्या चालकांशी हे आधीच, सरळ शब्दांत बोलून घ्यावे. जेथे "पूर्ण पायांचा पोशाख चालेल" असे सहज म्हणतात तेथे बाकीचेही बोलता येते. रमजानात रोजा ठेवणाऱ्या मोठ्या मुलांना काम कमी देता का, हेही विचारावे. नवरात्राच्या उपवासाचेही तेच. उपाशी पोटी उंचावरच्या उड्या घेणे धोक्याचे, मग उपवास कोणाचाही असो.

कपड्यांची इतकी चर्चा करणारे आम्ही लोक ज्या गोष्टीची चर्चा करीत नाही तिचे नाव येथे घेतले पाहिजे. या खेळात शिक्षकाचा हात मुलाच्या अंगाला लागतो. त्याशिवाय शिकविता येत नाही. म्हणूनच तो हात कोणाचा, कोणासमोर आणि कशासाठी, हे उघड असावे लागते. अमेरिकेत लॅरी नासर नावाच्या संघाच्या डॉक्टरला २०१८ साली मुलींवरील अत्याचारांबद्दल शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक मुली व स्त्रिया न्यायालयात साक्षीला उभ्या राहिल्या. अनेकींनी पूर्वी तक्रार केली होती. पदकांच्या नादात कोणी ऐकली नव्हती. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. मुलींच्या वर्गात बाई शिक्षिका किंवा मदतनीस असावी. एकट्या मुलाला वर्ग सुटल्यावर थांबवून घेऊ नये, एकटे गाडीवर गावोगाव नेऊ नये, मुलांची चित्रे पालकांना न विचारता मोबाइलवर काढू नयेत. हे नियम भल्या वस्तादाचाही मान राखतात. जो त्यांनी रागावतो त्याच्याकडे मूल ठेवू नये. मुलांनाही, मुलींना तसेच मुलग्यांनाही, घरी आल्यावर काहीही सांगता येईल असे वातावरण हवे. नुसते "आज काय शिकलीस?" न विचारता "आज काय आवडले नाही?" असेही विचारीत जावे.

वजनाविषयी थोडे. "पोट आत घे, किती खातेस" असे मुलीला सर्वांसमोर बोलणाऱ्या शिक्षकाला आमच्या मते शिक्षक म्हणू नये. वाढत्या मुलीने मेहनत करून पोटभर खाल्ले नाही तर हाडे ठिसूळ होतात, पाळी लांबते किंवा थांबते. ते शिस्तीचे लक्षण नसून डॉक्टरांकडे नेण्याचे कारण आहे. आपल्या ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांत या मुलांचे नीट भागते.

वेळेचा हिशेब पालकांनी कागदावर मांडावा. डॉक्टर मंडळी एक सोपे माप सांगतात: मुलाचे जितके वय, आठवड्यात त्याहून अधिक तास शिस्तबद्ध सराव नको. आठ वर्षांच्या मुलाला आठ तास. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी आणि वर्षात मिळून तीन महिने तरी एकाच खेळापासून विश्रांती मिळावी. मुधोळहून निजामाबादला किंवा नांदेडला रोज जाणे-येणे म्हणजे सरावाहून प्रवास मोठा. त्यात शाळा, मदरसा किंवा शिकवणी आणि झोप यांपैकी काय बुडते ते पाहावे. बहुधा झोप बुडते, आणि झोप बुडालेले मूल बीमवरून पडते. शिवाय घाई कसली? मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुलींना ज्या वर्षी सोळा पूर्ण होतात त्यापूर्वी उतरता येत नाही, मुलांना अठरा. सहासात वर्षांच्या मुलाने दोनतीन वर्षे नुसते खेळावे, झाडावर चढावे, कबड्डी खेळावी, तरी काही हरवत नाही.

येथेच जन्मतारखेचा विषय निघतो. वय कमी दाखविणारा दाखला मिळवून देतो असे सांगणारे महाभाग भेटतात. शाळेत असे दाखले मागावयास आलेल्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवितो. ज्या वर्गात शिकण्याआधी खोटे बोलणे शिकवितात, तेथे मूल पुढे काय शिकेल हे उघड आहे.

निवासी क्रीडाशाळेचा पर्यायही काहींसमोर असतो. हैदराबादजवळ हकीमपेठेस शासनाची क्रीडाशाळा आहे. चौथीच्या वर्गासाठी तेथे निवड होते आणि उंची, वजन, धावणे, उभी व लांब उडी, चेंडूफेक, लवचीकपणा अशा चाचण्या घेतात. शासनाच्या खर्चाने शिक्षण व खेळ दोन्ही होतात ही गरिबाघरी लहान गोष्ट नाही. तरी नऊ वर्षांचे मूल घरापासून दूर जाते, हेही लहान नाही. वर लिहिलेले सर्व प्रश्न तेथे दुप्पट काळजीने विचारावेत: आठवड्यात फोन कितीदा, भेट केव्हा, आजारी पडल्यास कोण पाहते, आणि खेळातून गळाले तर शिक्षण कोणत्या माध्यमातून पुढे चालते. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाला हा शेवटचा प्रश्न फार जड जातो.

ज्यांना एवढ्या लांब पाठविणे शक्य नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. १९५६ पूर्वी आमचा तालुका नांदेड जिल्ह्यात होता, नंतर आदिलाबादेत गेला, २०१६ पासून निर्मळात आहे; जिल्हे बदलले तरी गावोगावच्या तालमी आणि यात्रेतल्या कुस्त्या येथील लोकांच्या ओळखीच्याच आहेत. जिम्नॅस्टिक्सचे सभागृह उभारण्यास फार पैसा लागतो. मल्लखांबाला एक चांगला खांब, थोडी मऊ जागा, जाड गाद्या आणि एक जाणता माणूस पुरतो. दोरीच्या मल्लखांबाला खांबही नको, मजबूत आढे आणि सुती दोर हवा. न्यासाने एकेका मुलाचा प्रवासखर्च देण्याबरोबर याचाही विचार करावा, असे आम्ही विश्वस्तांना सुचवितो. अट एकच, की जाणता माणूस आधी शोधावा, खांब नंतर रोवावा.

वर्गात घातल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा बसून पाहावे. मूल निघताना स्वतः पिशवी भरते काय? घरी येऊन शिकलेले दाखविते काय? की वर्गाच्या दिवशीच पोट दुखते, शाळेत पेंगते, हसणे कमी झाले आहे? एखादे मूल रडत जाते आणि हसत येते, त्याची चिंता नको. हसत जाऊन गप्प येणाऱ्याची करावी. काढावयाचे ठरले तर भांडून काढू नये. वस्तादांना जाऊन भेटावे, कारण सांगावे, शिकविल्याबद्दल आभार मानावेत, मुलालाही सलाम करावयास लावावे. मात्र कारण मुलाच्या सुरक्षिततेचे असेल तर ते पोटात न ठेवता इतर पालकांना व संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. शिकलेली कोलांटी, तोल आणि पडताना अंग आवरण्याची सवय मुलाजवळ राहते. ती कबड्डीत, पोहण्यात, झाडावरून उतरतानाही कामास येते.